सिस्टीमकाका

डोंबिवलीच्या प्रत्येक सोसायटीत एक सिस्टीमकाका असतोच. बँकेतून व्हीआरएस घेतलेला, खिशाला दोन पेनं, डोक्यात वडापावची फ्रँचायझी. आमच्या काकांनी 2001 साली बँक सोडली. त्याच वर्षी मालाड स्टेशनबाहेर वडापावचं जम्बोकिंग सुरू झालं, हा त्यांना दैवी संकेत वाटतो. तेव्हापासून त्यांचा 'अभ्यास' चालू आहे.

"चव काय, कुणाच्याही हाताला असते. सिस्टीम लागते, सिस्टीम!" हे त्यांचं पालुपद. मग बारसं असो की तेरावं, व्यंकटेश अय्यरांनी 2004 मध्ये कल्याणात काढलेल्या 'गोली वडापाव'ची कथा सुरू होते. वडे कारखान्यात यंत्रावर वळायचे, गोठवून, मोजून दुकानात धाडायचे आणि तिथे नुसते तळायचे. "आचारी रजेवर गेला तरी वडा रजेवर जात नाही!" म्हणत काका टाळीसाठी हात पुढे करतात. आपण द्यायची.

संध्याकाळी ते फडके रोडच्या कोपऱ्यावर गिऱ्हाइकं मोजत उभे असतात. रिकामा गाळा दिसला की भाडं, डिपॉझिट, रॉयल्टी बोटांवर तयार. "नाव त्यांचं, माल त्यांचा. गाळा आपला, पोरं आपली, बीपीसुद्धा आपलंच!" ठाण्याला गेले की कुंजविहारचा वडा आधी वितीने मोजतात, मग खातात. कल्याणच्या खिडकी वड्यासमोर मात्र ते जरा गप्प होतात. एका खिडकीतून इतका धंदा कसा, हे त्यांच्या कोष्टकात बसत नाही. "मॅकडोनल्डवाल्या क्रॉकसाहेबांनी 1955 साली बावन्नाव्या वर्षी पहिलं दुकान टाकलं. माझं काय वय झालंय?" असं ते बावन्नाव्या वर्षी विचारायचे. सत्तरी उलटली, प्रश्न तोच आहे.

गणपतीत काकूंनी वडे करायला घेतले, तर हे वजनकाटा घेऊन ओट्याशी. "प्रत्येक गोळा एकाच वजनाचा हवा." काकूंनी सारणाचं पातेलंच पुढे सरकवलं, "मग वळा तुम्हीच." त्या वर्षीचे वडे वजनाला बरोबर आणि आकाराला चौदा प्रकारचे होते.

पण काकांना खरं पाहायचं ते साखळीवाल्या दुकानाच्या काउंटरवर. "एक वडापाव. पाव जरा भाजून, गोड चटणी नको, लसणीची वरून भुरभुर, वडा पुढच्या घाण्यातला आणि मिरच्या दोन."

टोपीवाला पोरगा नम्रपणे म्हणतो, "काका, एकच मिरची द्यायची सिस्टीम आहे."

"अरे, मी रोजचा आहे!"

पोरगा मॅनेजरकडे एक नजर टाकून दुसरी मिरची हळूच सरकवतो. सगळे नियम इथे मोडतात आणि काका दुसऱ्या दिवशी पुन्हा इथेच येतात.

काका फ्रँचायझी घेणार नाहीत. त्यांची एफडी दर वर्षी रिन्यू होते. तुम्ही घेणार असाल, तर मात्र आधी त्यांना भेटाच. हिशेब चोख मिळेल, तोही फुकट. संध्याकाळ तेवढी मोकळी ठेवा.