मालक शिडीवर

उमरीत मिस्त्री वेळेवर मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. मिळाला तर येत नाही, आला तर टिकत नाही, टिकला तर वाळू संपलेली असते. नव्या पिढीनं यावर जालीम उपाय काढलाय. मिस्त्रीच नको. नांदेडहून ड्रिल मशीन आणायची, मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघायचा आणि रविवारी सकाळी स्वतःच शिडी लावायची. पैसे वाचतात, व्यायाम होतो आणि सासुरवाडीत नाव होतं.

व्हिडिओतल्या माणसाला सहसा लेकरू नसतं. असलंच तर पांढरे कपडे घालून कोपऱ्यात ठोकळे रचत असतं आणि अधूनमधून बापाकडे बघून हसतं. आपल्याकडचं लेकरू पुट्टीच्या बादलीत कोपरापर्यंत हात घालतं आणि तो हात थेट तोंडात नेतं. व्हिडिओत हे दाखवत नाहीत, कारण दाखवलं तर पुढचं दीड मिनिट कुणी व्हिडिओ काढायला मोकळं राहणार नाही.

भिंतीचंही तसंच. जुन्या वस्तीत अजून अशी घरं सापडतात, की बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत ऑइल पेंट, आत मात्र पणजोबांच्या काळची दगडमातीची हातभर जाडीची भिंत. तरुण मालक तिच्यावर लेकराच्या खेळण्यांसाठी फळी बसवायला जातो. ड्रिलचं टोक पहिला अर्धा इंच ऐटीत कापतं आणि मग एकदम सुळकन आत जातं. सिमेंट संपलं, माती लागली. भोकातून माती भुरभुर गळायला लागते ती थांबत नाही. बोटानं दाबावी तर भोक मोठं होतं. प्लास्टिकची गिट्टी ठोकावी तर ती बाहेर येते, आणि येताना मूठभर गिलावा सोबत घेऊन येते. मालक खाली उतरतात, चहा पितात, दुसरा व्हिडिओ बघतात. त्यात सांगितलेलं असतं की भिंत कशाची आहे ते आधी ओळखा. मग एम-सील येतं, मग पुट्टी येते, शेवटी भोक झाकायला कालनिर्णय येतं. फळी दिवाणाखाली जाते. खेळणी दिवाणावरच असतात.

एवढ्यात त्या घुर्र आवाजानं लेकरू उठलेलं असतं. आतून आवाज येतो, "अहो, आत्ताच कुठं डोळा लागला होता त्याचा." ओसरीवरून आजी विचारते, "कामून भिंत उकरलालास रं बाबा? हंडा गावला का आत?"

या कामाला दुसरं माणूस लागत नाही, असं मालकांचं ठाम मत असतं. शिडी धरायला कुणीतरी लागतं, ती गोष्ट वेगळी. खालचा स्क्रू वर द्यायला, मेन स्विच पाडायला, "तिरपं तर दिसत नाही ना?" याला उत्तर द्यायला, सांडलेली पुट्टी वाळायच्या आत शहाबादीवरून खरवडायला आणि वाळल्यावर परत खरवडायला कुणीतरी लागतं, त्याही गोष्टी वेगळ्या. ही सगळी कामं कडेवर लेकरू घेऊन होतात. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर स्टेटस झळकतं: हातात ड्रिल, कपाळावर धूळ, खाली 'आपला हात जगन्नाथ'. फोटो छान आलेला असतो. काढलेला तिनंच असतो.

केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आणि ही सरासरी फक्त करणाऱ्यांची आहे. जे पुरुष ताट उचलायलाही उठत नाहीत, ते हिशेबात धरलेलेच नाहीत. ही पाहणी ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर बेतलेली आहे त्यात घराची रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती ही घरकामातच मोडते. म्हणजे ते ड्रिल त्या ८८ मिनिटांतच आलं. वेगळं मागायला येऊ नये.

हौशीचं हे वारं आलं कुठून, तेही बघू. जिथं मजूर महाग तिथं माणूस स्वतः हातोडा उचलतो. इंग्लंडात गेल्या शतकातल्या पन्नास-साठच्या दशकांत बॅरी बकनेल नावाचे गृहस्थ बीबीसीवर घरदुरुस्तीचे धडे द्यायचे. कार्यक्रम थेट चालायचा, त्यामुळे एखादी गोष्ट जमली नाही तर ती न जमलेलीही साऱ्या देशाला दिसायची. आताच्या रीलवाल्यांनी बाकी सगळं घेतलं, तेवढं मात्र सोडलं.

पुढे २०१२ साली नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या तीन संशोधकांचा एक निबंध छापून आला. आपल्या हातानं जोडलेल्या साध्या खोक्यालाही माणूस नको तेवढी किंमत देतो, असं त्यांना प्रयोगांत दिसलं. घरदुरुस्तीचे हौशी लोक ही गोष्ट आनंदानं सांगतात. त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. काम अर्धवट राहिलं की हे प्रेम उरत नाही. आता तान्ह्या लेकराच्या घरात सलग तासभर काम होणार कधी? एक भिंत पॉलिश पेपरनं घासून झाली की ताप येतो, दुसरीला प्रायमर लागला की लसीचा दिवस येतो. पुट्टी डब्यातच दगड होते. वर्षभरानं पाहुणे विचारतात, "रंग चालूय वाटतं?" आणि घरातलं कुणी उत्तर देत नाही.

खरं तर आपल्या भागाला घर स्वतः दुरुस्त करण्याचं कुणी शिकवायची गरज नव्हती. माळवदाचं घर दर पावसाळ्याआधी हात मागतं. तुळया, त्यावर किलचा, त्यावर पाला आणि वर माती. गळती लागू नये म्हणून पांढरीची माती आणून वर पसरायची, चोपायची. भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची. माती कालवण्यात पुरुष असत, पोतारण्या-सारवण्यात बायका असत आणि लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत असे. कुणी एकट्यानं केलं असं कुणी म्हणत नव्हतं, कारण ऐकणाऱ्यानं वेड्यात काढलं असतं.

पण त्या प्रेमानं केलेल्या दुरुस्तीतही एक जीवघेणी गोष्ट होती. दर वर्षी नवी माती पडायची, जुनी काढायची राहून जायची. थरावर थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली, तेव्हा मातीत रचलेल्या गोल दगडांच्या भिंती फाकल्या आणि हे सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे आठ हजार माणसं गेली. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते.

त्यानंतर जे झालं त्याची आठवण या हौशी मालकांनी अधूनमधून काढावी. जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला. काही गावं नव्या जागी वसली, पण त्यापेक्षा कितीतरी जास्त घरं जागच्या जागीच मजबूत करायची होती, आणि ते काम घरमालकांनी स्वतः करून घ्यायचं होतं. गावोगाव त्यासाठी बायकांना 'संवाद सहायक' नेमलं गेलं; स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना बांधकामातलं कळतं केलं. छपरावरची माती किती उतरवायची, भिंतीत आरपार दगड कुठं घालायचे, कोपरे कसे बांधायचे, हे या बायका मिस्त्रीला विचारू लागल्या. ज्या घरात तोवर मिस्त्रीसमोर बाईनं तोंड उघडलं नव्हतं, तिथं ती ओळंबा धरून भिंत बघत होती. मराठवाड्यात घरदुरुस्तीत काही क्रांती झाली असेल तर ती ही. ड्रिल मशीनची नव्हे.

सरकार आजही गरिबाला स्वतःच बांध म्हणतं. २०१६ साली आलेल्या ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेत ठेकेदाराला मज्जाव आहे. घरकुल लाभार्थ्यानं उभं करायचं. किमान २५ चौरस मीटर जागा, सपाटीवरच्या गावांत एक लाख वीस हजार रुपये, हप्त्याहप्त्यानं. शिवाय स्वतःच्या घरावर राबल्याची नव्वद दिवसांची मजुरी रोजगार हमीतून जोडून दिली गेली. हे मला फार आवडतं. आपल्याच घराची पाटी उचलली तर तिला दाम आहे, हे निदान कागदावर कुणीतरी मान्य केलं. तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, जोत्यापर्यंत येऊन थांबलेलं एखादं घरकुल दिसेल आणि शेजारी पत्र्याच्या खोपटात सगळं कुटुंब. त्या घरातली बाई दिवसभर टिपाडातलं पाणी कोबावर मारते आणि एक डोळा रांगत्या लेकरावर ठेवते, कारण लेकराला टिपाड आवडतं. तिच्यासाठी हा छंद नाही. पुढचा हप्ता यायचा असतो.

पक्क्या घरातल्या हौशीबद्दल मात्र दोन गोष्टी चेष्टा बाजूला ठेवून सांगाव्या लागतील. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, निदान लेकरू घरात असताना तरी नाही. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत किती शिसं आहे ते दरवाजा सांगत नाही. त्याची धूळ जमिनीवर बसते आणि जमिनीवर घरात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं, ते तुम्हाला माहीत आहे. शिसं लेकराच्या मेंदूवर जातं आणि गेलेलं भरून येत नाही. घासायचंच असेल तर ओलं करून घासा आणि तेवढे दिवस मायलेकरं आजोळी पाठवा. आजोळी पाठवलं की कामालाही वेग येतो, असा सगळ्यांचा अनुभव आहे. फक्त परत आणायच्या आधी घर कुणी पुसायचं, हे आधी ठरवा.

दुसरी गोष्ट विजेची. १९५६ च्या वीज नियमांतल्या ४५व्या नियमानं तुम्हा-आम्हाला दिवा, पंखा, फ्यूज आणि स्विच बदलायची मुभा दिली होती. त्यापुढचं काम परवानेवाल्याचं. नियमावली नंतर नवी झाली, पण मुभा साधारण तेवढीच राहिली. इतक्या वर्षांत आपण ती तरी पुरती वापरली का? किती घरांत अजून स्विच फुटलेला आहे आणि त्यातून दिसणाऱ्या तारेवर सेलोटेप चिकटवलेली आहे. तिथंच लेकराचं बोट पोचतं. छतात नवे दिवे बसवण्याआधी तो एक स्विच बदलला, तर त्याला कुणी स्टेटस टाकलं तरी माझी हरकत नाही.

आमच्याकडे या सगळ्या कामांना खरी मुदत एकच असते, महालक्ष्म्या. भाद्रपदात त्या येणार म्हणजे येणार. पुट्टी वाळेपर्यंत थांबत नाहीत. ज्येष्ठा-कनिष्ठा, समोर त्यांची पिलवंडं, मागं मखर, आणि ते मखर नेमकं त्या कॅलेंडरच्या भिंतीला. चार दिवस उरले की मालक गुपचूप मोंढ्याकडे जातात आणि मिस्त्रीच्या हातापाया पडतात.

मिस्त्री येतो. कॅलेंडर बाजूला करतो, भोकात बोट घालतो, आतली माती चोळून बघतो. "कुण्या मिस्त्रीनं केलं हे?" विचारतो. आजी जपमाळ ओढत आढ्याकडे बघते. मालक खाकरतात. मिस्त्री समजूतदार असतो, जास्त विचारत नाही, फक्त दर सांगतो. नव्यानं करायचं असतं तर एवढ्यात झालं असतं, म्हणतो; आता आधी हे काढावं लागंल, मग ते करावं लागंल, काढायचे पैसे वेगळे.

बायको व्यवहार ठरवते. भिंतीत कुठं किती खोल जायचं, फळी किती उंचीवर हवी म्हणजे लेकराचा हात पोचणार नाही, हे ती मिस्त्रीला नीट सांगते, आणि बोलता बोलता कडेवरचं लेकरू मालकांच्या हातात देते. लेकरू एक कान धरतं आणि चष्म्याकडे सरकतं. थोड्या वेळानं मिस्त्री शिडीवरून खाली बघतो. "मालक, जरा खालून धरता का? हललाली."

मालकांनी मान हलवली. हात मोकळे नव्हते.