एवढं निळं आभाळ असते काय बाप्पा!

“काकू, भाऊजी काल पहाटे चारला लोणारला गेले होते.”

“कमळजेच्या दर्शनाले?”

“फोटो काढायला.”

“बाप्पा बाप्पा! अन् ताईची बंगई?”

“ती गेली कॅमेऱ्यात.”

इथे थोडा खुलासा केलेला बरा. भाऊजी म्हणजे आमचे डाव्या हाताचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले. ताई त्यांची बायको. ओसरीत सागवानी बंगई टांगायची म्हणून त्यांनी पैसे बाजूला टाकले होते, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घरात बंगईऐवजी कॅमेरा आला. काकू उजव्या हाताच्या. त्यांचं माहेर घाटाखालचं, संग्रामपूरकडचं. लग्न होऊन घाटावर आल्या त्याला जमाना झाला, पण बोली अजून घाट चढलेली नाही. आम्हा दोघींच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे आणि कॉलनीची सगळी खबरबात तिच्यावरूनच इकडची तिकडे होते.

पाऊस उघडला, कोजागरी झाली की आमच्या बुलडाण्यात दोन गोष्टींना ऊत येतो: घरांच्या रंगकामाला आणि फोटोंना. राजूर घाटाकडे सकाळी फिरायला जाणारे निम्मे लोक हल्ली फिरत नाहीत, मोबाइल उंच धरून उभे असतात. कॉलनीच्या ग्रुपवर सकाळी डोंगर, दुपारी वावर, संध्याकाळी येळगावचं धरण. खाली अंगठ्यांची रांग. ‘अप्रतिम.’ ‘निःशब्द.’ हे निःशब्दवाले तर रोज न चुकता लिहितात. तिथे कोणी कोणाच्या फोटोला नावं ठेवत नाही. नावं ठेवायला भिंत आहे.

“दाखव बरं लोणार,” काकूंनी पदराने चष्मा पुसला. फोटो लांब धरला, जवळ धरला. “ही परात कायची हाये?”

काकूंनी पहिल्याच फटक्यात नस पकडली. लोणारचं विवर या काठापासून त्या काठापर्यंत १.८ किलोमीटरच्या आसपास रुंद आणि दीडशे मीटरच्या घरात खोल. उल्का आदळून काळ्या कातळात पडलेला असा खड्डा जगात विरळा. पण काठावर उभं राहून रुंद लेन्सने सगळंच्या सगळं एका चौकटीत कोंबायला गेलं, की लेन्स लांबचं आणखी लांब ढकलते आणि एवढ्या मोठ्या विवराची परात होते.

तेवढ्यात पूजेची फुलं तोडायला गुरुजी आले. चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त झाले तरी लाल पेन खिशात ठेवल्यासारखंच बोलतात.

“परातच झालीय,” गुरुजी म्हणाले. “मोजमापाला काही ठेवलंच नाही यांनी. कमळजादेवीचं देऊळ खाली पाण्याच्या काठाला आहे. ते कोपऱ्यात आलं असतं तर डोळ्याला कळलं असतं, देऊळ एवढंसं दिसतंय तर खड्डा केवढा असेल! आणि समोरचा काठ बघा, डावीकडे कललाय. तळ्याचं पाणी सांडून मेहकरच्या रस्त्याला लागेल.”

“पहाटे चारला निघाले होते हो,” मी भाऊजींची बाजू घेतली.

“निघाले असतील. आता सूर्य साडेसहाच्या आत उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. लांब सावली पाहिजे तर सकाळचा तासभर आणि संध्याकाळचा तासभर, एवढंच हातात. या फोटोत झाडांच्या सावल्या बुडाशी गोळा झाल्यात. म्हणजे अकरा वाजून गेलेत.”

“मधी मेहकरले मिसळ खाल्ली असंन,” काकू म्हणाल्या.

पुढचा फोटो भाऊजींच्या पुतण्याचा. त्यात लोणारचं पाणी गुलाबी, पार गुलकंदी.

“हे काहून?”

“मोबाइलमध्ये करता येतं काकू. आणि लोणार गुलाबी झालं होतंच की, जून २०२० मध्ये.”

“मले नको सांगू. तवा लॉकडाऊन होता. सारे घरात बसेल अन् तिकडं तळं गुलाबी. पण तो उन्हाळा होता पोरी. पाणी आटलं, खार वाढला. आता पावसाचं पाणी उतरलं हाये, काठ हिरवागार दिसून रायला याच फोटोत, अन् पाणी गुलाबी?”

गुरुजींनी फुलांची परडी भिंतीवर ठेवली. हे लांबणार हे त्यांना कळलं असावं. “बरोबर आहे वहिनींचं. पुण्याच्या आघारकर संस्थेने ते पाणी तपासलं होतं. फार खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव असतात, हॅलोआर्किया. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला तसे ते माजले, त्यांचा तो रंग. तेव्हा गुलाबी रंग खोटा नाही. महिना खोटा आहे.”

काकूंना कॅमेऱ्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. छिद्र किती उघडलं, पडदा किती वेगाने पडला, याची त्यांना गंधवार्ता नाही. पण महिना त्यांना बरोब्बर कळतो. आणि ऋतूचे फोटो काढणाऱ्यांची गाडी नेमकी तिथेच अडते.

आता या पुतण्याचंच पाहा. ताईंचा एक भाचा अमेरिकेत आहे, व्हर्माँटला. तो दरवर्षी या दिवसांत लाल-केशरी मेपलचे फोटो पाठवतो. ते पाहून इकडे पुतण्याला स्फुरण चढतं. तो ज्ञानगंगा अभयारण्याच्या रस्त्याने गेला तो खरं म्हणजे वाघासाठी. २०१९ च्या अखेरीला यवतमाळकडच्या टिपेश्वरमधून चालत चालत एक वाघ ज्ञानगंगेत येऊन राहिला, तेव्हापासून आमची पोरं त्या रस्त्याला गवताकडे बघतच नाहीत. वाघ काही दिसला नाही. मग रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून सागाच्या जंगलाचा फोटो काढला आणि घरी बसून अख्खं जंगल केशरी करून टाकलं.

“आग लागली काय तिथी?” काकूंनी विचारलं.

“नाही, शरद ऋतू आहे तो.”

“साग कुठी असा होते आश्विनात? तो आता पानं झाडत नाही, त्याले माघ-फाल्गुन लागते. अन् तवाही असा केशरी नाही होत, नुसता वाळते. केशरी पाहाचा असंन तर होळीच्या टायमाले पळस पाह्य म्हणावं.”

गुरुजी म्हणाले, “तिकडे दिवस झपाट्याने लहान होतात, रात्री गार पडतात. पानातलं हिरवं द्रव्य मोडतं, दडलेलं पिवळं वर येतं आणि मेपलसारख्या झाडांत लाल रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडचं झाड थंडीला नाही, तहानेला भिऊन पान टाकतं. जमिनीत पाणी आहे तोवर कशाला टाकेल?”

“मग आपल्या शरदात फोटो काढण्यासारखं काहीच नाही म्हणायचं का?” मी विचारलं.

“काहून नाही?” काकू उसळल्याच. “सागाच्या पानाची जाळी पाह्यली का कधी? अळी खाते या दिवसांत. निरा शिराच शिरा ठेवते. अन् माळावरची कुसळ सकाळच्या उन्हात पाह्य. तूर पाह्य, फुलावर येऊन रायली. सोयाबीन सोंगलं की वावर कसं उघडं पडते, अन् बाजूले पऱ्हाटी पांढरी होते. एवढं असून याले अमेरिका पाहिजे!”

जाळीची गोष्ट गुरुजींना एकदम पटली. असं जाळीदार पान उन्हासमोर धरून, उन्हाकडे तोंड करूनच काढायचं, म्हणजे शीर न् शीर उजळते, असं त्यांनी परडीतलं जास्वंदीचं पान उन्हात धरून दाखवलं. मग गाडी गिलसाहेबावर गेली. ती जाणार हे ठरलेलंच असतं. आपला बुलडाणा ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसला आहे, त्याच रांगेत अजिंठ्याला रॉबर्ट गिल वर्षानुवर्षं राहिला. आधी त्याने लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या, मग कॅमेरा हातात घेतला. त्याच्या फोटोंचं पुस्तक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये निघालं. “त्या काळी एका फोटोला एक काच,” गुरुजी म्हणाले. “काच फुकट घालवायची नाही म्हणून माणूस आधी तासभर नुसता बघायचा. भाऊजी शेकड्याने दाबतात आणि मग घरी येऊन बघतात.”

“हा पाहा,” मी पुढचा फोटो काढला. मुद्दामच काढला, कारण यात गंमत होती. कापसाचं वावर, मावळतीचं ऊन आणि पाठमोरी बाई कापूस वेचताना. याला ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे होते.

काकू बराच वेळ पाहत राहिल्या. “अंगात नवऱ्याचा शर्ट नाही. कमरेले ओटी नाही. हातात अख्खं बोंड. हे वेचणं हाये का फूल तोडणं? कापूस ओढून घ्या लागते, टरफल झाडालेच ठेवा लागते. अन् दिवस मावळतानी कोण वेचते? चांगली वेचणी सकाळच्या गारव्यात, पानाचा कचरा चिकटत नाही. आमच्याकडं पयल्या वेचणीले सीतादही करते, दहीभात घेऊन जाते वावरात. ही तर लग्नाले निंगाली.” मग फोटो अगदी नाकाजवळ नेला. “थांब. हा अंबाडा… ही ताई हाये!”

“आहेच.”

“अन् नेसली काय, पैठणी?”

“हो. अर्धा तास पऱ्हाटीत उभं केलं म्हणे. ‘इकडे मान, तिकडे हात.’ ताई म्हणाल्या, बंगईवर बसायचं होतं मला, आणि माझं बुजगावणं केलं.”

गुरुजी तिकडे तोंड करून हसले. मग शिक्षक परत जागा झाला. “ऊन छान पकडलंय हो. कापसाच्या कडा कशा पेटल्यासारख्या दिसतात! पण शेजारच्या वावरात खरोखर वेचणाऱ्या बाया असतील, त्यांना विचारून, त्यांच्यात जरा वेळ बसून काढला असता, तर ताईंची पैठणी वाचली असती आणि फोटोही.”

शेवटचा फोटो दाखवू का नको असं मला झालं होतं. भाऊजींनी तो ग्रुपवर टाकलेला नाही, मला एकटीला पाठवला होता. चिखली रस्त्याचं एक वावर, सोंगून झालेलं, मधोमध सोयाबीनची सुडी, आणि वर गडद निळं, चकचकीत आभाळ, पांढऱ्या ढगांचे दोन पुंजके. खालच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीचं टोक, त्यावर दगड.

“मांडणी चांगली आहे,” गुरुजी म्हणाले. “सुडी नेमक्या जागी आलीय. फक्त ही ताडपत्री नजर ओढते. बोटाने पुसून टाका म्हणावं, आता मोबाइलमध्ये पुसता येतं.”

“एवढं निळं आभाळ असते काय बाप्पा!” काकू म्हणाल्या. “असं आभाळ असतं तर ताडपत्री कोणी कायले आणली असती?”

मी भाऊजींना तिथूनच हाक मारली. ते आले, आणि आल्या आल्या कबूल झाले. आभाळ बदललेलं होतं. खरं आभाळ काळंभोर होतं, ‘निराशाजनक’ वाटलं, म्हणून तयार आभाळांतून एक निवडून लावलं. मूळ फोटो त्यांनी दाखवला. परतीच्या पावसाचे ढग सुडीच्या डोक्यावर आलेले, एका बाजूने पिवळट उजेडाची तिरपी पट्टी, आणि ताडपत्रीच्या कडेला, अगदी चौकटीच्या सीमेवर, एक माणूस वाकून दगड ठेवत असलेला. नव्या फोटोत तो कापला गेला होता.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणी काही बोललं नाही. मग गुरुजींनीच आपला शेरा फिरवला. “हा फोटो. वरचं आभाळ थोडं कमी करा, माणूस आत घ्या. ताडपत्री पुसू नका, सगळं तिच्यामुळेच कळतंय.”

“ढग तुमच्याले सुंदर दिसते,” काकू भाऊजींना म्हणाल्या, “त्या माणसाले धाव सुटली असंन. सोंगेल माल भिजला की दाणा काळा पडते. मंग हमीभाव कितीबी असो, व्यापारी म्हणते, डागी हाये.”

भाऊजींनी तिथल्या तिथे फोटो नीट कापला आणि ग्रुपवर टाकला. अंगठे यायला वेळ लागला. पहिला आला तो अंगठा नव्हताच. मागच्या गल्लीतल्या दूधवाल्या दादांचा प्रश्न होता: ‘कोणाचं वावर हाये? माल वाचला का?’

भाऊजी आमच्याकडे बघायला लागले. त्यांना उत्तर ठाऊक नव्हतं. ढग दिसले, फोटो काढला आणि पाऊस येईल म्हणून ते गाडीत बसले होते.

“फोटो बरा जमला आता,” काकूंनी निकाल दिला. “आजवर तुमचा फोटो पाहून कोणी काही विचारलं होतं का? गाडी काढा, त्या माणसाले विचारून या. अन् खाली लिहा काय झालं ते.”