दाजी, हे किती टँकर?

जालन्याला बंदर आहे. समुद्र नाही, पण बंदर आहे. शहराबाहेर जवसगाव-दरेगावच्या शिवारात २०१५ च्या डिसेंबरात त्याचं भूमिपूजन झालं, न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीनं ते बांधायला घेतलं आणि त्याला ड्राय पोर्ट म्हणायचं असं ठरलं. कोरडेपणाची सवय असल्यानं आमच्यापैकी कुणी हरकत घेतली नाही. उलट कट्ट्यावर हिशेब असा मांडला गेला, की बंदर बांधताना मुख्य अडचण येते ती पाण्याची. ती इथं मुळातच नसल्यामुळं काम झपाट्यानं उरकेल. हिशेब चुकला, पण त्यात पाण्याचा काही दोष नाही.

ओलं बंदर बघायचा योग आणला आमच्या लेकीनं. ती ठाण्याला असते. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिनं स्पाचं व्हाउचर घेतलं: जोडप्यासाठी, दोन सीटिंग, मुदत महिनाअखेर. "बाबा, मुंबई बघा आणि रिलॅक्स व्हा," असा हुकूम आला. सौ.चं म्हणणं पडलं, की अंगाला तेल चोळून घ्यायला चारशे किलोमीटर कशाला जायचं, तेल घरात आहे. पण पैसे भरलेले होते. भरलेले पैसे वाया घालवणं आमच्याकडे मोठं पाप. पाणी वाया घालवण्याच्या खालोखाल.

बरोबर मेहुणे निघाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अंबडला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि खरिपाची उधारी वसूल होईपर्यंत त्यांचं दुकानात मन लागत नाही. "कंपनीनं डीलर लोकायला बँकॉक दाखवलं, दाजी. मुंबई कामून ठेवायची?" या युक्तिवादाला उत्तर नव्हतं.

वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली ती जालन्याहून. २०२५ च्या ऑगस्टात तिला नांदेडपर्यंत नेलं. तेव्हापासून जालन्याला डब्यात पाऊल टाकावं तर नांदेडची मंडळी पाय लांब करून घोरत असतात आणि आपल्याच गाडीत आपण पाहुणे होतो. मेहुण्यांना त्याचं काही वाटलं नाही. मनमाडपर्यंत त्यांनी तीन अनोळखी लोकांना कपाशीच्या वाणांची माहिती दिली.

ठाण्याला लेकीच्या बाराव्या मजल्यावर पहिल्याच रात्री घोटाळा झाला. पहाटे लेक उठली तर बाथरूमच्या दोन्ही बादल्या, टब, कुकर, पातेली, नातवाचं प्लास्टिकचं जहाज, सगळं काठोकाठ भरलेलं. "आई, इथं चोवीस तास पाणी असतं."

"असू दे. उद्याचा काय भरवसा?"

जालन्याच्या बाईला हे शिकवावं लागत नाही. घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आहे, पैठणहून जायकवाडीची पाइपलाइन आहे, तरी नळ आठ-दहा दिवसांनी यायचा तेव्हाच येतो. २०१३ चा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना तर रिकामं भांडं दिसलं की अजूनही चैन पडत नाही. जहाज नातवानं मागितल्यावर सौ.नं त्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि मगच त्याच्या हातात दिलं.

मुंबईदर्शनाची सुरुवात गेटवेपासून. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात इथं उतरला तेव्हा ही कमान झालेलीच नव्हती. पायाचा दगड मार्चमध्ये बसला होता, बाकी काही नाही. मग पुठ्ठ्याची कमान उभी करून वेळ साजरी केली. खरी पुरी व्हायला १९२४ उजाडलं आणि १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण याच कमानीखालून चालती झाली. म्हणजे येणाऱ्याला कमान मिळाली नाही, ती जाणाऱ्याच्या कामी आली. हे कळल्यावर ड्राय पोर्टवरचा माझा राग बराच निवळला.

घारापुरीच्या लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसायचे दहा रुपये वेगळे. मेहुण्यांनी ते न कुरकुरता दिले, कारण त्यांना पाणी वरून मोजायचं होतं.

"दाजी, हे किती टँकर असंल?"

दहा हजार लिटरचा टँकर धरला तर, असं म्हणून मी जरा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मेहुणे सोडणारे नाहीत. त्यांनी उतरताना धक्क्याच्या पायरीवर वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला, "आपल्या बोअरपेक्षा जरासंच जास्त हाय." घारापुरीच्या मागं न्हावा-शेव्याच्या उंच क्रेन दिसत होत्या. म्हणजे आमच्या ड्राय पोर्टच्या मातोश्री. सौ.नं नकळत हात जोडले.

लेणी बघताना लोक त्रिमूर्तीपुढं थांबतात. थांबण्यासारखीच आहे, तीन तोंडांपैकी मधल्याची शांतता बघून माणूस आपसूक आवाज खाली आणतो. मेहुणे मात्र शेजारच्या शिल्पापाशी अडकले. गंगाधर शिव. वरून गंगा उतरतेय आणि देव ती जटांवर झेलतोय. गाइड सांगत होता, की वरच्या आकृतीला तीन तोंडं आहेत, गंगा, यमुना, सरस्वती. मेहुण्यांनी ऐकून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पाणी अडवा, पाणी जिरवा! सरकारच्या आधी देवानं केलं." मागं उभ्या असलेल्या सोलापूरच्या सहलीनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्यांनी बाहेरचं खोदीव टाकं शोधून काढलं आणि दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांना पास केलं. हत्तीची चौकशीही केली. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. "म्हणजे गावाचं नाव ठेवलं आन् हत्ती नेला," मेहुणे म्हणाले. जालनेकराला हत्तीचं अप्रूप नाही, आमच्याकडे धुळवडीला हत्ती रिसाला निघतो. पण नेलेल्या वस्तूचं दुःख कळतं.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. भरतीची वेळ होती. चौपायी सिमेंटच्या ठोकळ्यांवर लाटा फुटत होत्या आणि तुषार रस्त्यापर्यंत येत होते. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी सहज माहिती दिली: भरती दिवसातून दोनदा येते, तिची वेळ आधीच ठरलेली असते, छापील तक्ता मिळतो.

मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. रोज दोनदा. आणि वेळापत्रक छापून. आमच्याकडे पाणी कधी येणार हे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या एकाच माणसाला ठाऊक असतं आणि तो फोन उचलत नाही. "इथला व्हॉल्व्हवाला कोण हाय?" त्यांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, "चंद्र." मेहुण्यांनी मान डोलावली. त्याच्यापर्यंत वशिला पोचणार नाही, हे त्यांना पटलं होतं.

आता स्पा. ठाण्याच्या एका मॉलमध्ये तिसरा मजला. आत शिरताच काळोख, अगरबत्तीचा वास आणि समोर बुद्धाची मूर्ती, जिच्या पायथ्याशी दगडांवरून पाणी खळखळ वाहत होतं. चपला काढायच्या आत सौ. मूर्तीच्या मागं गेली. काउंटरवरची मुलगी घाबरून उठली. "मॅम, काय हवंय?"

"बटण. पाणी चाललंय ना वाया."

ते तेच पाणी पंपानं फिरून येतं, हे मुलीनं नीट समजावलं. सौ.नं टाकीत डोकावून खात्री केली आणि मग फॉर्म भरला. फॉर्मवर बीपी, शुगर, ऑपरेशनं, ॲलर्जी आणि खाली स्वीडिश, बालिनीज, डीप टिश्यू असे प्रकार. रक्कम आधीच भरलेली असल्यामुळं आम्ही सगळ्यात लांब चालणारा प्रकार निवडला. मेहुणे बाहेर गवती चहा पीत बसले. तो फुकट होता आणि कितीदा घ्यावा यावर बंधन नव्हतं.

आधी सॉना. लाकडी खोली, तापलेले दगड, कोरडी गरम हवा. दहा मिनिटं बसायचं. जालन्यात ही सोय मार्च ते जून, पूर्ण शहराला, बिनखर्चाची असते. मी घाम पुसून म्हटलं, पंखा चालू करा. पंखा नव्हता.

मग जोडप्याची खोली. दोन पलंग, प्रत्येकाच्या डोक्याकडच्या बाजूला तोंड घालायला भोक. अंगावर घालायला दिलेली चड्डी कागदाची होती. ती उलगडताना दोनदा फाटली, तिसरी दिली. पालथं पडून भोकात तोंड घातलं की खाली एक पितळी वाटी दिसते, पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकलेली, म्हणजे पैसे कुठं गेले ते कळावं. माझ्या वाट्याला आलेला पोरगा ऐझॉलचा होता, हात मोठे आणि आवाज मऊ. त्यानं खांद्यावर अंगठे रोवले आणि विचारलं, "सर, प्रेशर ठीक है?"

"कधीच नसतं," मी म्हटलं. "मोटर लावावी लागते."

तो हसला नाही. मी नंतर स्पष्ट करीन म्हटलं, पण बोलायची ताकद उरली नव्हती. तेल कोमट होतं, पाठीतल्या गाठी एकेक सुटत होत्या, आणि खरं सांगायचं तर चाळीस वर्षं सायकल, स्कूटर आणि शाळेच्या खुर्चीवर काढलेल्या कमरेला इतक्या अदबीनं कुणी हात लावला नव्हता. डोळे मिटले. संगीत चालू होतं, बासरी किंवा तसलंच काही. बासरी थांबली आणि एक वेगळाच आवाज सुरू झाला. आधी थेंब थेंब, मग बारीक धार, मग भरघोस धो धो.

शेजारच्या पलंगावरून सौ. ताडकन उठून बसली. "अहो, नळ आले!"

मी निम्मा उतरलेला होतो. कागदी चड्डी, तेलानं माखलेलं अंग, एक पाय चपलेत. यात विचाराचा भाग नसतो. हा आवाज कानावर पडला की शरीर बादलीकडे निघतं. दोन्ही मसाजवाले भिंतीला टेकले होते. ऐझॉलच्या पोरानं भिंतीवरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. मनाला शांती लाभावी म्हणून झऱ्याचा आवाज लावतात म्हणे. तो बंद करून घेतला, तेव्हा कुठं शांती लाभली.

बाहेर आलो तर मेहुण्यांनी आठवा गवती चहा घेतला होता. मसाजवाला पोरगा निरोप द्यायला आला आणि विचारू लागला, की तो मोटरचा काय विषय. मी सांगितलं. तो एकदम खुलला. त्याच्या ऐझॉलमध्ये घरं डोंगरावर, पाणी दरीत. पत्र्याच्या छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीनं टाकीत साठवायचं आणि उन्हाळा काढायचा, नाही पुरलं तर टँकर. मेहुण्यांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. पुढचा अर्धा तास मिझोराम आणि मराठवाडा यांच्यात टँकरचे भाव, नंबर कुणाचा आधी लागतो आणि पाइप कुणाच्या दारापर्यंत पुरतो यावर जे बोलणं झालं, ते दिल्लीनं ऐकायला हवं होतं. निघताना पोरानं सौ.ला तेलाची छोटी बाटली दिली. मेहुण्यांनी त्याला भेंडीच्या बियांचं पाकीट दिलं. ते त्यांच्या खिशात कायम असतं.

दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ साली. त्याआधी या देवीला नवस बोलले होते म्हणून हे मंदिर. वाटेत भिवंडीजवळ मुंबईच्या पाण्याच्या पाइपलाइनी दिसल्या, माणसाहून उंच, नजर पोचेल तिथवर. मेहुण्यांनी गाडी थांबवायला लावली. गेटवेवर त्यांनी फोटो काढू दिला नव्हता. इथं पाइपाला पाठ लावून, छाती काढून उभे राहिले. तानसाचं धरण १८९२ चं, तेव्हापासून हे पाणी मुंबईला चाललंय, हे मी सांगितलं. ज्या शहापूर तालुक्यातून ते येतं तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो, हेही सांगितलं. ते म्हणाले, "मग तर आपलेच सोयरे," आणि पाइपावर दोनदा थापटलं.

तानसेच्या काठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडं. गंधकाचा वास, जमिनीतून आपोआप येणारं कढत पाणी, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. ना फॉर्म, ना बुद्ध. मेहुणे गळ्यापर्यंत बुडून बसले आणि वीजबिल कोण भरतं ते विचारत राहिले. दोन तासांनी बाहेर काढले तेव्हा बोटांच्या सुरकुत्या दाखवून सगळ्यांना सांगत होते, की जन्मात पहिल्यांदा पाण्यानं कंटाळा आला.

परतीच्या गाडीत व्हाउचरचं दुसरं सीटिंग शिल्लक होतं. मुदत चार दिवसांची आणि आम्ही काही पुन्हा जाणार नव्हतो. मेहुण्यांनी कल्याण गेल्यावर शेजारच्या गृहस्थांकडे मोर्चा वळवला. ते छत्रपती संभाजीनगरचे, परवाच कामानिमित्त पुन्हा ठाण्याला यायचे होते. मेहुण्यांनी निम्म्या भावापासून सुरुवात केली आणि वर भेंडीचं पाकीट स्कीममध्ये घातलं.

"काय काय येतं त्यात?" गृहस्थांनी चष्मा चढवून व्हाउचर वाचलं.

"तेल, वाफ, गवती चहा पाहिजे तेवढा. आन् भरपूर पाणी."

गृहस्थांनी पाकीट बाहेर काढलं. मग जरा थांबले.

"पाणी किती वाजता येतं?"