भावना आणि नटबोल्ट

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्ट गंजलेत, असं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने काही दिवस आधीच नौदलाला धाडलं होतं. पत्रात अस्मिता, अभिमान वगैरे काही नव्हतं. मग ते कुणाला भिडणार? पुतळा पडल्यावर मात्र भावनांना उधाण आलं. वाऱ्याला दोष, जाहीर माफी, मग मुंबईत विरोधकांचं ‘जोडे मारो’ आंदोलन (हा कार्यक्रम तेवढा वेळेवर पार पडला). विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, आणि गंजावर सभा रंगत नाही. मे २०२५ मध्ये तिथे आणखी उंच पुतळा उभा राहिला. त्याच्या देखभालीचं वेळापत्रक मागून बघा. कुणाच्या तरी भावना दुखावतील.