मिनार कसा पाहावा: कोनकरांसाठी प्राथमिक धडे

आधी पात्रता. तुम्ही पनवेलजवळच्या कोन गावात किंवा गावाभोवती उगवलेल्या एखाद्या संकुलात राहत असाल, आणि आजवर मान वर करून पाहिलेल्या वस्तूंमध्ये गिरणी कामगारांच्या सोडतीतल्या इमारती, विजेचे मनोरे आणि एक्सप्रेसवेवरची होर्डिंगं एवढंच असेल, तर हे धडे तुमच्यासाठीच आहेत. इतिहासाची पदवी लागत नाही. असलीच तर घरी ठेवून या. सोबतच्यांना तिचा फार त्रास होतो.

पहिला प्रश्न, मिनार कोणता? नवशिके थेट दिल्ली गाठतात. पण कुतुबमिनारचा जिना 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर बंद झाला, त्यामुळे तिथे जाऊनही माणूस शेवटी खालीच उभा राहतो. खालीच उभं राहायचं तर दौलताबाद जवळ आहे. तिथला चांद मिनार पंधराव्या शतकातला, बहमनी सुलतानांचा, चांगला उंच. अडचण एवढीच, की तिथे आलेला प्रत्येक मराठी माणूस किल्ल्याच्या पायऱ्यांसाठी दम राखून असतो. मिनाराच्या वाट्याला जाताजाता एक सेल्फी येते.

म्हणून बिदर. तिथे मिनार आहे आणि त्याच्याशी जोडलेला मदरसाही आहे, म्हणजे एका फेरीत दोन्ही. घरात हे जाहीर करताच कोणीतरी विचारेल, ‘पण ते कर्नाटकात ना?’ या प्रश्नासाठी घरातले आजोबा पुढे करावेत. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, ही घोषणा देताना ज्यांचा घसा बसला, त्या पिढीतल्या बहुतेकांनी बिदर पाहिलेलं नाही. मागणी ऐन तारुण्यात केली आणि जागा बघायची राहून गेली! आजोबांचं तिकीट आधी काढा.

प्रवासाचं म्हणाल तर मुंबईहून लातूर-उदगीरमार्गे बिदरला जाणारी गाडी पनवेलला येत नाही. कल्याण गाठावं लागतं. रस्त्याने जायचं तर पुणे, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, आणि हुमनाबादला डावीकडे. गाडीत कोणी लांबच्या प्रवासाबद्दल कुरकुर केली तर अफनासी निकितिनची गोष्ट सांगावी. हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातल्या चौलला जहाजातून उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. विकायला म्हणून एक घोडा आणला होता. जुन्नरच्या सुभेदाराने घोडा काढून घेतला आणि ‘मुसलमान हो, तर परत देतो’ अशी अट घातली. एका खुरासानी माणसाने मध्यस्थी केल्यावर घोडाही सुटला आणि धर्मही वाचला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. अलिबागला कोनकर कितीदा गेले असतील. तिथून पुढे रेवदंड्यापर्यंत गेले किती, हे विचारू नये. गोष्ट संपेपर्यंत इंदापूर येतं आणि चहासाठी थांबावंच लागतं.

बिदरच्या जुन्या शहरात शिरल्यावर नवशिक्याची पहिली चूक ठरलेली. चौकाच्या मधोमध एक जाडजूड गोल बुरूज दिसतो. ‘हाच तो मिनार’ म्हणून सगळे गाडीतून उतरतात, फोटो निघतात, दोघेजण ‘झालं ना?’ असंही विचारतात. तो चौबारा. शहरावर नजर ठेवण्यासाठी बांधलेला टेहळणीचा बुरूज, साधारण 71 फूट. त्याला अवश्य पाहावं, फक्त मिनार समजू नये. तिथून किल्ल्याच्या दिशेने गेलं की मदरसा लागतो. वाट विचारायची तर मराठीत विचारा. उत्तर कन्नडमध्ये येईल, दखनीत येईल, मराठीतही येईल, पण येईलच. रिक्षावाल्याने ‘नक्को’ म्हटलं तर परकं वाटून घेऊ नये.

आता मुख्य क्रिया. वेळ सकाळची निवडा. मदरशाचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडतं. रस्त्यावर इमारतीकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला मिनार आहे: 131 फूट, तीन टप्पे, अंगावर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या फरशांचे अवशेष. डाव्या हाताला काहीच नाही. नवशिके इथे उजवीकडे सरकतात आणि चौकटीत मिनार बसवून मोकळे होतात. तुम्ही मात्र डावीकडे पाहायचं आहे. या धड्यांतला खरा धडा तोच. बाकीचा मजकूर प्रवासखर्च वसूल व्हावा म्हणून दिला आहे.

डावीकडेही असाच एक मिनार होता, आणि दोघांच्या मध्ये भव्य प्रवेशद्वार होतं. 1657 मध्ये औरंगजेबाने बिदर घेतलं. पुढे या इमारतीत मोगल फौज राहू लागली आणि दारूगोळाही ठेवला गेला. पुस्तकांच्या खोल्या कोरड्या असतात, हे सैन्यालाही कळतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या दारूचा भडका उडाला. वीज पडली असं सांगतात. एक मिनार, दरवाजा आणि दर्शनी बाजूचा मोठा भाग त्यात गेला. म्हणजे आज तुमच्यासमोर आहे तो स्फोटाने अर्धा कापलेला चेहरा. गंमत अशी, की त्यामुळेच आतल्या तिन्ही मजल्यांची रचना रस्त्यावरूनसुद्धा दिसते. शाबूत इमारतीने ती कधी दाखवली नसती.

आत चौक आहे आणि चारही बाजूंना खोल्या. सगळी इमारत साधारण 205 फूट लांब, 180 फूट रुंद. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, शिक्षकांना वेगळी दालनं, व्याख्यानांचे दिवाणखाने, मशीद आणि ग्रंथालय; ग्रंथालयात 3000 हस्तलिखितं होती असं सांगतात. इमारत 1472 ची. बांधणीचा नमुना इराण-खुरासानकडचा, फरशांचं कामही तिकडच्याच धाटणीचं. एवढ्यात ग्रुपमधले कोणीतरी कुजबुजतील, ‘म्हणजे नुसतं धर्माचंच शिकवत असतील.’ वाद घालू नका. धर्मशास्त्राबरोबर गणित, खगोल आणि तत्त्वज्ञानही शिकवलं जात होतं, एवढं सांगा आणि पुढे चला. फार ताणलं तर त्यांना एखाद्या खोलीच्या उंबऱ्यात बसवा. पावसाळ्यात पुण्याच्या वसतिगृहात राहिलेल्या माणसाला ती हवेशीर खोली पाहून थोडा मत्सर होतोच.

हे सगळं बांधणारा महमूद गावान. या नावापाशी कोकणच्या माणसाने जरा जास्त वेळ थांबायला हरकत नाही. इराणच्या गिलान प्रांतातला हा माणूस 1453 च्या सुमारास व्यापारी म्हणून समुद्रमार्गे आला आणि उतरला कुठे, तर दाभोळला. तिथून बिदर, आणि बघता बघता बहमनी राज्याचा वजीर. कोकणावर त्याने नंतर जे केलं ते दाभोळकरांना आवडलं असतं असं नाही. 1469 पासूनच्या मोहिमेत संगमेश्वर घेतलं, विशाळगड घेतला आणि 1472 मध्ये गोवा घेतला. मदरसा आणि गोवा एकाच वर्षीचे. ज्या हाताने सह्याद्रीतले किल्ले पाडाव केले, त्याच हाताने हेरातचा कवी जामी याला पत्रं लिहिली. त्याच्या पत्रांचा संग्रह ‘रियाजुल इन्शा’ म्हणून प्रसिद्ध आहे. अशा माणसाविषयी एका वाक्यात मत बनवू नये. बनवायचंच असेल तर परतीच्या प्रवासात बनवा, वेळ भरपूर असतो.

त्याचा शेवट दरबारी आहे. दरबारात दखनी आणि परदेशी अशा दोन फळ्या होत्या. गावानने दोघांना सांभाळायचा प्रयत्न केला, पण सरदारांच्या अधिकाराला कात्री लावली, आणि ते कोणत्याच काळात खपत नाही. विरोधकांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि ओरिसाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र तयार केलं. सुलतान तिसरा मुहम्मद दारूच्या अमलात होता. पत्र पाहिलं आणि शिरच्छेदाचा हुकूम दिला. 5 एप्रिल 1481. नंतर सुलतानाने खजिना तपासायला लावला तर वजिराच्या घरी साठा असा निघालाच नाही. वर्षभरात सुलतानही गेला आणि बहमनी राज्याची पाच शकलं व्हायची सुरुवात झाली. त्यांतली निजामशाही आणि आदिलशाही आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. कोणत्या घरातून निघाल्या, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. कोऱ्या कागदावर सही करून ठेवणाऱ्या सोसायटीच्या चेअरमनना ही सहल विशेष उपयुक्त आहे.

फरशा पाहायची रीत सांगतो. लांबून पाहिल्या तर मिनारावर नागमोडी पट्टे दिसतात. मग जवळ जाऊन मान पूर्ण मागे टाकून पाहावं: फरशीचे छोटे तुकडे कापून जुळवलेत, आणि पावसाने साडेपाचशे वर्षं खरवडूनही निळा रंग अजून दाट आहे. दर्शनी भिंतीवर कुराणातल्या आयती लिहिलेल्या फरशांच्या पट्ट्या आहेत. लिपी येत नसली तरी अक्षरांचा चढउतार बघता येतो. हाताने चाचपू नका. निखळलेली फरशी खिशात घालणाऱ्यांचं काय करावं, हे या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहे.

बाजारात बिदरी काम घ्यायचं असेल तर एवढं माहीत असू द्या: जस्त-तांब्याचं ओतीव, त्यात चांदीचं जडावकाम, आणि तो काळा रंग किल्ल्यातल्या मातीचा. मातीची परीक्षा कारागीर जिभेवर ठेवून करतात. तुम्ही करू नका.

वेळ उरला तर शहराबाहेर गोरनळ्ळीला गावानची कबर आहे. साधी, उघड्यावरची. गाडीतले मेहुणे इथे हमखास म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो एसीत.’ गाडी बंद करा, चावी काढून घ्या आणि सगळ्यांना खाली उतरवा.