धार बारीक का?

माहूरच्या गडावर जाणाऱ्या गाडीची काच स्वच्छ राहणं कुठल्याच ऋतूत शक्य नसतं. पावसाळ्यात चिखल, दत्तजयंतीला पुढच्या जीपनं उडवलेला फुफाटा आणि नवरात्रात पान. रेणुकामातेचा प्रसाद कुटलेला तांबूल असतो, तो कुणी थुंकत नाही. पण टपरीवरच्या पानाला ते भाग्य नाही.

अशा वेळी माणूस स्टेअरिंगजवळची दांडी ओढतो. मोटर घूंऽ करते आणि बॉनेटवर दोन थेंब ओघळतात. वायपर बिचारा इमानदार. तो त्या दोन थेंबांत धूळ कालवून काचभर लेप देतो आणि समोरचं दत्तशिखर गायब होतं. याच माहुरात परशुरामानं बाण मारून पाणी काढलं आणि मातृतीर्थ झालं, अशी कथा आहे. आपल्याला तर नुसती काच ओली करायची असते.

धुळीवर कोरडा वायपर फिरवला तर काचेवर ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी ते डोळ्यांत खुपतात. तरीही बटन दाबताना हात जरा आखडतोच. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, ते पाहिलेली माणसं आपण.

बारीक धारेचं निदान करावं ते ठिबकवाल्या शेतकऱ्यानं. बोअरचं जड पाणी, ड्रिपरच्या तोंडाशी धरलेला पांढरा क्षार, फिल्टरच्या जाळीतलं शेवाळ यांच्याशी त्याचा रोजचा झगडा. कोपऱ्यातलं झाड सुकलं म्हणून तो लगेच नवी मोटर आणत नाही. आधी नळीचं टोक सोडून पाणी वाहू देतो, बघतो. बॉनेट उघडलेलं दिसलं की असा एखादा माणूस आपणहून थांबतो आणि विचारतो, "साहेब, नळी काढून बघितली का?"

सगळी विद्या त्या एका प्रश्नात आहे. नोझलपाशी नळी उपसायची आणि कुणाला तरी बटन दाबायला सांगायचं. नळीतून धार जोरात आली तर नोझल चोंदलंय. त्यात बारीक टाचणी फिरवायची. क्षार चिवट असेल तर नोझल काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवायचं. नळीतूनच पाणी रडत आलं तर दोष मागं आहे: कुठं नळी दुमडली, सांध्यातून निसटली, किंवा टाकीच्या तळाशी मोटरपुढची जाळी गाळानं भरली. मोटरचा आवाजच नसेल तर पाण्याला बोल लावू नये, आधी फ्यूज बघावा. आणि टाकी रिकामी असताना बटन दाबत बसू नये, मोटर जळते. हे बोअरवाल्याला सांगावं लागत नाही.

टाकीत शाम्पू ओतणाऱ्यांचं काय करावं, हे मला कळत नाही. फेस छान होतो खरा, पण तोच पुढं नोझलमध्ये वाळून बसतो. त्यापेक्षा आरओचं साधं पाणी बरं.

टाचणी फिरवताना बऱ्याच गाड्यांत नोझलची बारीक गोळीही हलते आणि तिचं तोंड वर होतं. मग धार अशी काही सुटते, की काच कोरडीच आणि पाणी टपावरून पार मागं. मागचा दुचाकीवाला "ओ भाऊ!" करून ओरडला की समजावं, चोंदलेलं निघालं. आता गोळी तेवढी खाली वळवायची राहिली.