रजा द्यावी, पण कुणी घेऊ नये

कर्नाटक सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरदार बायकांना पाळीसाठी महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा दिवस भरपगारी रजा देण्याचं धोरण मंजूर केलं. सरकारी कचेऱ्यांबरोबर खासगी कंपन्यांनाही त्यात घेतलं. तेव्हापासून देशभरातल्या मालकवर्गाला स्त्रियांच्या भवितव्याची चिंता लागून राहिली आहे. मुलाखतीत 'लग्न झालंय का, मूल कधी होऊ देणार, सासूबाई जवळ राहतात का' असे आत्मीयतेचे प्रश्न विचारून शेवटी पुरुष उमेदवार निवडणारे साहेब आता कळवळून सांगतात, की अशी रजा दिली तर बायकांना कोणी नोकरीच देणार नाही. त्यांच्याइतकं हे दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आम्ही या सदरातून मालकवर्गाचे विनामूल्य सल्लागार म्हणून काम पाहतो. तेव्हा मालकहो, घाबरू नका. रजेला उघड विरोध करणं हे कच्च्या मालकाचं लक्षण आहे. त्यानं फक्त नाव खराब होतं. मुरलेला मालक रजा देतो, आठ मार्चला जांभळं पोस्टर लावून, केक कापून देतो, आणि ती कुणी घेणार नाही एवढीच काळजी घेतो.

या विद्येचे आद्यगुरू जपानी. त्यांनी १९४७ च्या कामगार कायद्यातच ही रजा घालून ठेवली. पगार दिलाच पाहिजे असं तो कायदा म्हणत नाही. त्रास होतो म्हणून रजा मागणारीला कामाला लावू नये, एवढंच म्हणतो. पुढे पाऊण शतकात काय झालं? २०२० सालच्या सरकारी पाहणीत ही रजा मागणाऱ्या बायका शेकडा एकसुद्धा भरल्या नाहीत. कायदा शाबूत, कामही शाबूत! यात जादू काही नाही. रजा मागायची ती साहेबाकडे, साहेब बहुतेक ठिकाणी पुरुष, आणि शेजारच्या टेबलावरची कुणीच मागत नाही. दुखणाऱ्या पोटापेक्षा चारचौघांतली मान जास्त दुखते, हे ज्याला कळलं त्याला मनुष्यबळ खात्याची वेगळी पदवी घ्यावी लागत नाही.

आपल्याकडेही हे सहज जमेल. त्यासाठी आम्ही नियमांचा एक मसुदा करून ठेवला आहे.

एक: अर्ज सात दिवस आधी करावा. ठरल्या तारखेला पाळी न आल्यास ती रजा बुडीत धरली जाईल.

दोन: अर्ज विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा, म्हणजे कारभार पारदर्शक राहील आणि सहकाऱ्यांना 'काळजी घे' असं लिहून अंगठा दाखवता येईल.

तीन: रजेच्या दिवशी पूर्ण विश्रांती घ्यावी. विश्रांती घेताना लॅपटॉप उघडा आणि फोन चालू असावा.

चार: वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात 'उपलब्धता' हा नवा रकाना राहील. त्याचा या रजेशी काहीही संबंध नाही, असं त्याच रकान्याखाली बारीक अक्षरांत छापलेलं असेल.

पुराव्याचं कलम आम्ही मुद्दामच घातलेलं नाही, कारण त्या बाबतीत देश आमच्या कल्पनाशक्तीच्या पुढे निघून गेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्येच हरियाणात, रोहतकच्या विद्यापीठात सफाईचं काम करणाऱ्या बायकांनी पाळी असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांना सॅनिटरी पॅडचे फोटो काढून दाखवायला लावल्याची तक्रार झाली; पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. त्याआधी जुलैत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याचं प्रकरण झालं आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. आता याच्या शेजारी आपला पुरुष कर्मचारी उभा करून पाहा. महाराष्ट्रातल्या सरकारी नोकराला वर्षाला आठ नैमित्तिक रजा असतात. अर्जावर 'घरगुती कारण' एवढे दोन शब्द लिहिले की साहेब सही करतो. त्या घरात नेमकं काय कारण घडलं, ते आजवर कोणी फोटो मागून पाहिलेलं नाही. भारताचा सामना असला की हे कारण एकाच दिवशी अर्ध्या कचेरीच्या घरी घडतं, तरीही नाही. म्हणून 'बायका खोटं बोलून रजा घेतील' हा आक्षेप, मालकहो, फार मोठ्यानं घेऊ नका. खोट्या रजेच्या शास्त्रात त्या अजून बालवर्गात आहेत.

दुसरी सूचना: हिशेब चारचौघांत मांडू नका. 'उत्पादकतेवर परिणाम' असं मोघम बोलावं, त्यात वजन असतं. आकडे काढले की वजन घटतं. समजा, शंभर माणसांची कंपनी आहे आणि तीत वीस बायका आहेत. प्रत्येकीनं वर्षाचे बाराही दिवस घेतले, एकही सोडला नाही, तरी झाले २४० दिवस. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर कंपनीचे एकूण दिवस ३०,०००. म्हणजे शेकडा ०.८. चहाच्या टपरीवर याहून जास्त जातात. बिहारचं नावही काढू नका. तिथल्या सरकारने १९९२ मध्ये आपल्या नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवस दिले. त्यानंतर बिहारात जे जे बिघडलं त्याचा दोष अनेकांच्या माथी मारून झाला; या दोन दिवसांवर मात्र अद्याप कोणी टाकलेला नाही. झोमॅटोनं ऑगस्ट २०२० मध्ये वर्षाला दहा दिवसांपर्यंत रजा जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी शेअर बाजारात उतरली. अशी उदाहरणं निघाली की लगेच विषय राष्ट्रउभारणीकडे वळवावा.

राष्ट्रउभारणीसाठी वाक्यं तयार आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी यांनी राज्यसभेत सांगितलं, की पाळी हे काही अपंगत्व नव्हे. हे वाक्य सोनेरी चौकटीत घालून मीटिंगच्या खोलीत लावा. सर्दी-खोकला हेही अपंगत्व नव्हे, तरी त्यासाठी आजारपणाची रजा मिळते, ही गोष्ट चौकटीच्या मागच्या बाजूला राहू द्या. काही नोकरदार बायकाही या रजेच्या विरोधात आहेत. आपली तारीख साऱ्या ऑफिसला कळावी हे त्यांना नको आहे. त्यांना व्यासपीठावर पुढच्या रांगेत बसवा. मात्र 'मग तारीख न कळता रजा देण्याची सोय करा' असं त्या म्हणू लागल्या, की माइक काढून घ्या.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भीती बोलून दाखवली, की अशी रजा सक्तीची केली तर बायका नोकरीच्या बाहेर ढकलल्या जातील. आणि हा धोरणाचा प्रश्न म्हणून केंद्र सरकारकडे सोपवला. ही भीती बिनबुडाची नाही. २०१७ मध्ये आपण बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली, पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सांगितलं, टाळ्या घेतल्या आणि बिल मालकाच्या टेबलावर ठेवून घरी गेलो. मालकाला हिशेब येतो. तरुण बाई नेमली तर खर्च, तरुण पुरुष नेमला तर शून्य. मग त्यानं काय करावं? तेव्हा दोष बाळंतपणाचा की बिल फाडणाऱ्याचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मालकहो, आताही तो विचारू देऊ नका.

कारण विचारला तर उत्तर फार लांब नाही. राज्य कामगार विमा योजना १९४८ च्या कायद्यानं आली. मालक पगाराच्या शेकडा ३.२५ भरतो, कामगार ०.७५ भरतो. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली विमाधारक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिचे पैसे मालक देत नाही, महामंडळ देतं. ज्यानं शंभर बायका ठेवल्या त्याचा वर्गणीचा दर तोच, आणि ज्यानं एकही ठेवली नाही त्याचाही तोच. बाईला नकार देऊन इथे दमडी वाचत नाही. स्पेननं फेब्रुवारी २०२३ मध्ये त्रासदायक पाळीसाठी रजेचा कायदा केला, तेव्हा डॉक्टरचा दाखला मागितला खरा, पण पगार सामाजिक सुरक्षेच्या सरकारी निधीवर टाकला. ही युक्ती इकडे पसरली तर 'बायकांना कोणी नोकरी देणार नाही' हे तुमचं हुकमी वाक्य निकामी होईल. मग विरोध करायला तुमच्याकडे फक्त खरं कारण उरेल, आणि ते सभेत बोलता येण्यासारखं नसतं.

संस्कृतीचा आधार घ्यायचा मोहही टाळा. आपल्या आज्या-पणज्यांना ही रजा सक्तीची होती. कावळा शिवला की देवघर आणि चूल बंद. धुणं, गोठा, धान्य निवडणं चालू. गडचिरोलीत माडिया गोंडांच्या गावांत गावाच्या कडेला अजून कुर्माघरं आहेत. पाळीचे दिवस बाईनं त्या झोपडीत काढायचे, पाऊस असो की साप. बाईला चार दिवस बाजूला ठेवायला या समाजाची कधीच ना नव्हती. पगार देऊन ठेवायला आहे.

एवढा सगळा खटाटोपही ज्यांना नको असेल, त्यांनी बीडचा आदर्श घ्यावा. तिथल्या ऊसतोडीच्या धंद्यात पाळीचं धोरण नाही, जांभळं पोस्टर नाही, तरी प्रश्न मुळापासून सोडवलेला आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो. ती फेडायला घरदार बैलगाडीवर नाहीतर ट्रॅक्टरवर चढतं आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर राहतं. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे ५०० रुपये उचलीच्या हिशेबात चढतात. बाई पाळीनं पालात पडून राहिली की कोयताच मोडतो. फडावर न्हाणीघर नाही, संडास नाही, पुरेसं पाणी नाही. अंगावरून जायला लागतं, पोट दुखायला लागतं. दवाखान्यात जावं तर डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो आणि पिशवी काढून टाकायला सांगतो. बाईही मनाशी हिशेब करते: पिशवी गेली की खाडे गेले. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतून, आणि ते फेडायला पुन्हा ऊस.

२०१९ मध्ये याचा बोभाटा झाला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण दर सहा जणींत एक. रजा मागणारा अवयवच कामावरून कमी करण्याची ही पद्धत व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

आणि जबाबदारीची वाटणी पाहा, किती सुबक! कारखाना म्हणतो, ही आमची कामगार नव्हे, मुकादमानं आणलेली. मुकादम म्हणतो, मी कुठे नोकरीवर ठेवलंय, मी तर उचल दिली. म्हणजे मालकांनी भरपगारी रजा द्यावी की नाही, यावर आपण वातानुकूलित सभागृहात ज्या चर्चा झडवतो, त्या चर्चेत ही बाई बसतच नाही. तिला रजा नाकारायलासुद्धा मालक नाही.

खरं तर कायदा तीन ओळींत मावतो. पगार एका मालकाच्या खिशातून नको, सगळ्यांच्या वर्गणीच्या निधीतून द्यावा. बाईचा शब्द हाच दाखला मानावा. नाव कंपनीच्या हजेरीपटावर असो की मुकादमाच्या वहीत, रजा दोघींना सारखी. पण तीन ओळींच्या कायद्यात पोटकलमं बसत नाहीत, पोटकलमं नसली की पळवाटा नसतात, आणि पळवाटाच नसल्या तर आम्ही सल्लागारांनी खायचं काय? म्हणून आमची शिफारस अशी: एक उच्चस्तरीय समिती नेमावी. तिला दोनदा मुदतवाढ द्यावी. बैठकीच्या दिवशी सदस्यांना प्रवासभत्ता असावा आणि थकवा लक्षात घेऊन दुसऱ्या दिवशी भरपगारी विश्रांती असावी. अहवाल येईपर्यंत बायकांनी नेहमीप्रमाणे कामावर हजर राहावं. न येणारीचा खाडा धरला जाईल.